पावसाचा दिवस कोणाच्या खाती?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात केदारखेडा हे गाव आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तेथे आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे घर बांधले जात होते. घरमालक नोकरीनिमित्त परगावी असल्यामुळे काही दिवस बांधकामाच्या हिशेबाची वही आमच्या हाती आली. स्लॅबसाठी सेंट्रिंग उभे राहत होते. एक तरुण सुतार आणि त्याचे दोन साथीदार बल्ल्या रोवून, टेकू देऊन वर फळ्या ठोकीत होते. तरुणाचे वृद्ध वडीलही अधूनमधून येऊन बसत. त्यांच्या हातचे वाकस केव्हाच सुटले होते. परंतु एखादी बल्ली ओळंब्यातून किंचित ढळली तरी ती प्रथम त्यांनाच दिसत असे.

एके सकाळी माणसे वेळेवर कामावर आली, हत्यारे काढली आणि पावसाने गाठले. दुपारपर्यंत वाट पाहून ठेकेदाराने सर्वांना घरी पाठविले. सायंकाळी आम्ही वही उघडली आणि रिवाजाप्रमाणे तिघांच्या नावांपुढे त्या दिवसाचा खाडा मांडला. वृद्ध सुतार शेजारीच बसले होते. काहीतरी बोलावे म्हणून आम्ही म्हणालो, "काय करणार बाबा, पावसापुढे कोणाचे चालते?" ते शांतपणे उत्तरले, "पाऊस देवाचा हाय, साहेब. खाडा माणसाचा हाय."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु तो खाडा आमच्या हातांनी मांडलेला असल्यामुळे ते शब्द आम्हांला विसरता आले नाहीत. पाऊस आला, त्यात कोणाचाच दोष नव्हता. घरमालकाचा नव्हता, ठेकेदाराचा नव्हता आणि सुताराचा तर नव्हताच. मग त्या दिवसाचे सारे नुकसान तिघांपैकी एकट्या सुताराच्याच खाती का पडावे? त्यात जो सर्वांत दुर्बळ, त्याच्याच खाती का पडावे? न्याय्य मजुरीचा प्रश्न आपण नेहमी 'रोज किती?' एवढ्याच शब्दांत विचारतो. त्याच्या मुळाशी हा दुसरा प्रश्न असतो, असे आम्हांस वाटू लागले आहे.

त्या वृद्ध सुतारांच्या तरुणपणी गावात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविलेला होता. सुतार हा गावचा बलुतेदार, आणि तोही थोरल्या ओळीतला. नांगर, वखर, तिफण, जू यांची घडण आणि वर्षभराची दुरुस्ती त्याने करावी आणि सुगीला प्रत्येक शेतकऱ्याने खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य त्याला द्यावे, अशी ती व्यवस्था. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन केले आहे. या व्यवस्थेत दिवसाचा हिशेबच नव्हता. चार दिवस झड लागली म्हणून सुताराचे बलुते कमी होत नसे. पीक बुडाले तर मात्र शेतकऱ्याबरोबर त्याचेही बुडे. नुकसान वाटून घेतले जाई.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. सुताराच्या पोटी जन्मला म्हणून सुतार, ही तिची पहिली अट होती. धान्य हक्काचे म्हटले, तरी ते मागायला खळ्यावर उभे राहावे लागे आणि देणाऱ्याच्या मर्जीवर माप हलके-जड होई. थोरल्या ओळीतल्या सुताराची ही कथा, तर गावकुसाबाहेर ठेवलेल्या बांधवांच्या वाट्याला धान्याबरोबर अपमानही येत असे. ज्या व्यवस्थेत नाही म्हणण्याची सोय नाही, तिला करार म्हणता येत नाही. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारे आली आणि बलुते संपले. सुताराचा मुलगा सेंट्रिंगच्या कामाला लागला. कधी जालन्याला, कधी छत्रपती संभाजीनगरला, कधी पुण्याला. त्याला जन्माच्या बेडीतून काही अंशी सुटका मिळाली; पण त्याच वेळी पावसाचा दिवस त्याच्या एकट्याच्या खाती आला.

हा प्रसंग आम्ही अमेरिकेत बांधकामाच्या क्षेत्रात असलेल्या एका स्नेह्याला कळविला, तेव्हा त्याने तिकडच्या सुतारांच्या संघटना कंत्राटदारांशी कसे वेतन-करार करतात ते सविस्तर लिहून पाठविले. त्या देशात सुतारांची राष्ट्रीय संघटना १८८१ साली शिकागो शहरी स्थापन झाली. पीटर मॅग्वायर हा आयरिश वंशाचा सुतार तिच्या संस्थापकांपैकी एक. १८९० साली आठ तासांच्या दिवसाची मागणी पुढे नेण्यासाठी तेथील कामगार महासंघाने सर्व व्यवसायांतून प्रथम सुतारांची निवड केली होती. अशा संघटनेचा करार म्हणजे केवळ दरपत्रक नव्हे. त्यात ताशी मूळ दर असतो आणि पुढील प्रत्येक वर्षी तो कोणत्या तारखेला किती वाढेल हेही आधीच लिहिलेले असते. शिकाऊ उमेदवाराला पूर्ण कारागिराच्या दराचा अमुक हिस्सा मिळतो आणि शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याबरोबर तो हिस्सा वाढतो. मुकादमाचा दर थोडा अधिक. नेमल्या तासांपेक्षा जादा काम केले तर दीडपट किंवा दुप्पट. याशिवाय कामाच्या प्रत्येक तासामागे मालकाने आजारपणाच्या, निवृत्तिवेतनाच्या, सुट्टीच्या आणि प्रशिक्षणाच्या निधीत ठरावीक रक्कम भरायची. सुतार या महिन्यात एका कंत्राटदाराकडे आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे गेला, तरी हे निधी त्याच्याबरोबर चालत राहतात.

आणि पावसाचे काय? बोलावल्यावरून कामावर हजर झालेल्या सुताराला काम देता आले नाही, तर त्याला काही तासांची मजुरी द्यावी, असे कलम त्या करारांत सर्रास आढळते. काही ठिकाणी ते पावसालाही लागू असते, काही ठिकाणी पावसाचा अपवाद केलेला असतो. म्हणजे तेथेही उत्तर एकच नाही. परंतु तेथे पाऊस हा बोलण्याचा विषय आहे. दोन्ही पक्ष मेजाभोवती बसतात आणि ढगाळ दिवसाची जोखीम कोणी किती उचलायची ते शब्दांत ठरवितात. केदारखेड्याच्या वहीत ते कोणीही ठरविले नव्हते. न ठरविलेली प्रत्येक गोष्ट आपोआप दुर्बळाच्या खाती जमा होते, एवढेच तेथे घडले होते.

यावर एक सरळ आक्षेप येतो. सुताराने रोजाचा दर मान्य केला होता, काम असेल त्या दिवशीच मजुरी हेही त्याला ठाऊक होते, मग यात अन्याय कोठे? दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेला व्यवहार तिसऱ्याने का तपासावा? हा आक्षेप क्षुल्लक नाही. माणसाचे वचन हे त्याच्या प्रतिष्ठेचे लक्षण आहे आणि सुताराने दिलेले वचन आपण गंभीरपणे घेतलेच पाहिजे.

परंतु ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. श्रमाला दोन बाजू आहेत, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. श्रम माणसाचे स्वतःचे असतात, म्हणून ते कोणत्या दराने द्यावेत हे ठरवायला तो मोकळा आहे, ही एक बाजू. पण श्रमावाचून त्याला जगताच येत नाही, ही दुसरी. जो माणूस न विकता राहू शकतो त्याची संमती आणि ज्याच्या घरी संध्याकाळची भाकरी त्या विक्रीवर अवलंबून आहे त्याची संमती, या दोन एकच गोष्टी नव्हेत. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही घडेल या भीतीपोटी कामगाराने जाचक अटी पत्करल्या, तर तो बळजबरीचा बळी ठरतो, असा पोप महोदयांचा निष्कर्ष होता. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथानेही हेच तत्त्व कायम ठेवले आहे: मजुरीच्या रकमेवर दोन्ही पक्षांचे एकमत झाले, एवढ्याने ती नैतिकदृष्ट्या न्याय्य ठरत नाही.

हा विचार केवळ धर्मपीठावरचा आहे, असे कोणी समजू नये. नव्वद वर्षांनंतर आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र वाटेने जवळजवळ त्याच ठिकाणी पाऊल ठेवले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत मोठी बांधकामे चालली होती. कामगारांना दिवसाला ९ रुपये २५ पैसे एवढे किमान वेतन मिळावयाचे होते. पण ते जमादारांच्या हातून जाई आणि प्रत्येक मजुरामागे रोज १ रुपया जमादार कापून घेत. हे प्रकरण न्यायालयापुढे आले. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी असे सांगितले, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबणारा माणूस सहसा भुकेच्या आणि दारिद्र्याच्या रेट्याखालीच राबत असतो. तो रेटाही बळजबरीच आहे. म्हणून असे श्रम घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरी होय. एका रुपयाच्या कपातीवरून न्यायालयाने भुकेल्याच्या संमतीची किंमत तपासली. आपण बाजारात भाजी घेताना जो रुपया सहज सोडतो, तोच रुपया येथे दास्य आणि स्वातंत्र्य यांच्या सीमेवर उभा होता.

मग पुरेशी मजुरी कोणती? ती मोजायची कशी? येथेही आपल्या देशाने पुष्कळ विचार केलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप आखून दिले. एका मिळवत्या माणसामागे तीन माणसांचे अन्न धरावे, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड धरावे, घरभाडे धरावे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकंदर वेतनाचा पाचवा भाग धरावा, असे ते माप. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. आता हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत.

या यादीकडे जरा थांबून पाहावे. हा केवळ आकड्यांचा तक्ता नाही. सुतार म्हणजे कोण, याचे ते उत्तर आहे. तो केवळ दोन हात आणि एक हातोडी असेल, तर त्याच्या तासाची किंमत देऊन आपण मोकळे. पण तो नवरा आहे, बाप आहे, म्हाताऱ्या आईबापांचा मुलगा आहे, सणाला घरी नवे कापड नेणारा माणूस आहे, आणि एके दिवशी स्वतःही म्हातारा होणार आहे, असे आपण मानत असू, तर मजुरीत या सर्वांना जागा हवी. म्हणूनच पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात न्याय्य वेतन ही समाजाच्या संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या न्याय्यतेची कसोटी मानली. कामगार संघटना ही सामाजिक जीवनाची अटळ गरज आहे, असेही त्यांनी तेथेच सांगितले.

संघटना का अटळ? कारण एकट्या सुताराला हे काहीच मागता येत नाही. सकाळी नाक्यावर उभा असलेला माणूस ठेकेदाराला म्हणाला, "पावसाच्या दिवसाचे अर्धे पैसे द्याल तर येतो," तर ठेकेदार त्याच्या शेजाऱ्याला गाडीत बसवील. शेजारीही वाईट नाही. त्याचीही चूल पेटायची आहे. जेव्हा दोघे मिळून तीच अट घालतात, तेव्हाच ती अट 'अट' होते. भुकेल्याच्या संमतीत जी उणीव असते, ती अनेकांच्या एकजुटीने भरून निघते. सामूहिक करार स्वातंत्र्याच्या आड येतो असे म्हणतात; वस्तुतः एकट्याला नसलेले स्वातंत्र्य तो त्याला मिळवून देतो.

आपल्याकडे बांधकामावरच्या सुताराला असा करार क्वचितच लाभतो, याला कारणे आहेत. त्याचा मालक एक नसतो. बिल्डर, ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशी उतरंड असते आणि मजुरीचा प्रश्न विचारला की प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवितो. काम संपले की माणसे पांगतात. उचल घेतलेली असेल तर तोंड बंद असते. परंतु ज्याला नेमका मालक नाही त्यालाही संरक्षण देता येते, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि उपचार यांची तरतूद करायची, अशी त्याची रचना. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला. बांधकामखर्चावर १ टक्का उपकर घेऊन त्यांच्या कल्याणाचा निधी उभारण्याची सोय त्याने केली आणि २०११ साली महाराष्ट्रात त्यासाठी मंडळ स्थापन झाले. मात्र मंडळात नोंदणी हवी असेल, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला मालकाने किंवा ठेकेदाराने सही करून द्यावयाचा असतो. या सहीविषयी शेवटी पुन्हा बोलावे लागेल.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घर बांधणारा प्रत्येक जण धनवान नसतो. केदारखेड्यातील ते कुटुंबही कर्ज काढूनच घर बांधत होते. मजुरी इतकी वाढली की कामच थांबले, तर सुताराच्या हाती काय उरले? पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली हेच बजावले होते: वेतन ठरविताना कुटुंबाची गरज पाहावी, तशी उद्योगाची परिस्थितीही पाहावी; फार कमी वेतन आणि अवाजवी जास्त वेतन या दोहोंनी बेकारी ओढवते. संघटनेलाही स्वतःचे मोह असतात. केरळमध्ये दुसऱ्यांनी माल उतरविला असतानाही केवळ पाहत उभे राहिल्याबद्दल पैसे मागण्याची 'नोक्कुकूली' नावाची प्रथा पडली होती. शेवटी तेथील सरकारला १ मे २०१८ पासून ती बंद करण्याचा आदेश काढावा लागला. न केलेल्या कामाचे पैसे धाकाने घेणे आणि केलेल्या कामाचे पैसे धाकाने कापणे, ही दोन्ही एकाच पापाची रूपे आहेत. शिवाय करार ज्यांनी केला त्यांचे हित तो पाहतो. पण कराराबाहेर जे उभे आहेत त्यांचे काय? परप्रांतातून आलेला कारागीर, डोक्यावर घमेले वाहणारी आणि सुताराचे काम शिकण्याची संधी कधीच न मिळालेली बिगारी स्त्री, यांचा विचार कोणी करावयाचा?

या ठिकाणी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील ही कथा आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. पहाटे आलेल्यांशी मालकाने एक दिनार ठरविला; संध्याकाळी तासभर काम केलेल्यांनाही त्याने तोच दिला आणि पहाटेचे मजूर कुरकुरले. 'माझ्या पैशाचे मी हवे ते करीन' असा मालकाचा हक्क सिद्ध करण्यासाठी कित्येकदा या दृष्टान्ताचा आधार घेतला जातो. परंतु त्या मालकाने आपला हक्क कमी देण्यासाठी वापरला नाही; अधिक देण्यासाठी वापरला. ठरविलेले त्याने कोणाचेच बुडविले नाही. दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी होती. संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभ्या राहिलेल्यांना त्याने विचारले, तेव्हा आपल्याला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते म्हणाले. आळशीपणाने ते उभे नव्हते. त्यांच्या घरी मात्र पहाटे आलेल्यांच्या घरी असतात तेवढीच तोंडे होती. मालकाने तासांबरोबर ती तोंडेही मोजली. रिकाम्या गेलेल्या तासांचा खाडा त्याने मजुराच्या खाती मांडला नाही. स्वतःच्या खाती घेतला. पहाटेच्या मजुरांची कुरकुरही प्रभूने लपविलेली नाही. आपल्याला पूर्ण मिळाले असूनही दुसऱ्याला मिळाल्याचे दुःख, हा मोह प्रत्येक संघटनेने आणि प्रत्येक घराने ओळखून ठेवावा.

दृष्टान्त सांगणारा स्वतः सुताराच्या घरात वाढला होता, हे आपण सहज विसरतो. संत मार्क येशूला सुतार म्हणतो आणि संत मत्तय सुताराचा पुत्र म्हणतो. तेथे आलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ फर्निचर करणारा असा नाही. घरबांधणीतील कारागीर असाही तो आहे. नाझरेथपासून थोड्याच अंतरावर सेप्फोरिस हे नगर त्या काळी हेरोद अंतिपा नव्याने बांधीत होता आणि संत योसेफ तेथे कामाला जात असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा. पण दुसऱ्या शतकातील संत जस्टिन याने येशू नांगर आणि जू घडवीत असे, अशी आठवण नोंदवून ठेवली आहे. नांगर आणि जू! केदारखेड्यातील त्या वृद्ध सुतारांच्या हातांनी आयुष्यभर जे घडविले, तेच. त्या हातांची मजुरी वेळेवर मिळाली असेल का? मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात आहे. अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे संत याकोब लिहितो. ते लिहिणाऱ्यांनी नाक्यावरची माणसे पाहिलेली होती.

१९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा संत योसेफ श्रमिकाचा सण म्हणून नेमून दिला. आपल्याकडे तो महाराष्ट्राचा स्थापनादिन आणि जगभर कामगारदिन. योगायोग असा, की जालना जिल्हाही १९८१ साली १ मे रोजीच अस्तित्वात आला. त्या दिवशी आपण मिस्सेत कामगारांसाठी प्रार्थना करतो. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा 'रेरुम नोवारुम' लिहिणाऱ्या लिओंचे स्मरण त्यामागे असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. नावे घेतली जातात, सण साजरे होतात. आपल्या अंगणातल्या कामाचा हिशेब मात्र आपण जुन्याच रिवाजाने लिहितो. आपल्यापैकी काही घरांतून सुतार, गवंडी आणि रंगारी बाहेर पडतात. आपल्यापैकीच काही घरे सुतारांना कामावर बोलावितात. धर्मग्रामात शाळेची खोली किंवा मंदिराचे छप्पर उभे राहते, तेव्हा वर्गणी देणारे आपण सर्वच मालक असतो. देवाचे घर आहे म्हणून सुताराने दर कमी करावा, असे आपण किती सहज म्हणतो! देवाच्या घरी सुताराला कमी का मिळावे, हे विचारायचे मात्र राहून जाते.

मोठा करार आपल्या हाती नसेल. पण काही गोष्टी आहेत. काम सुरू करण्यापूर्वी दर, वेळ, जादा तासांचा हिशेब आणि पावसाचा दिवस यांविषयी बोलून ते कागदावर लिहिता येते. ठेकेदाराशी ठरविताना मजुराच्या हाती प्रत्यक्ष किती पडणार, हे विचारता येते. आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवसाआधी देता येते. आणि ९० दिवसांच्या दाखल्यावर सही करता येते. 'उगाच कशाला लचांड' म्हणून अनेक जण ती टाळतात. सही करणाऱ्याचे एक मिनिट जाते. न केल्यास सुताराच्या मुलाची शिष्यवृत्ती जाते.

केदारखेड्याच्या वहीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. आम्ही घरमालकाला दूरध्वनी केला. पावसाळा संपेपर्यंत कामावर हजर होऊन परत जावे लागल्यास अर्धा रोज द्यावा, असे दोघांच्या विचाराने ठरले. ठेकेदार नाराज झाला. अशाने माणसांना सवय लागेल आणि पुढच्या कामावर ती आमच्याकडे तेच मागतील, असे तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. त्याचा स्वतःचा नफाही फार नव्हता आणि पुढच्या कामावर तो एकटाच असणार होता. अर्ध्या रोजाने न्याय झाला, असा आमचा दावा नाही. उरलेला अर्धा दिवस अजूनही सुताराच्याच खाती आहे.

वृद्ध सुतारांना आम्ही ते सांगितले. त्यांनी वही मागून घेतली आणि खोडलेला खाडा बोटाने चाचपून पाहिला. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "उद्या येरवाळी ये रे. स्लॅबच्या आधी दोन टेकू बदलायचे हायेत."

आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वही असते. घरकाम करणाऱ्या बाईची, शेतावरच्या गड्याची, दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीची. तिच्यात ज्या दिवसांपुढे काहीच लिहिलेले नसते, ते दिवस कोणाच्या खाती गेले, हे एकदा आपणच उघडून पाहावे.